पॉलिसी माझी, कोड कुणाचा?

पत्र:

नमस्कार. धायरीत राहते. १२ वर्षं विम्याचं काम करते. एका आरोग्य विमा कंपनीचा एजंट कोड आहे (मी आणलेल्या पॉलिसी ज्या क्रमांकावर नोंदतात तो), आयुर्विम्याचाही एक आहे. भांडण आरोग्यवाल्यांशी. २०२३ च्या दिवाळीपासून माझ्या जुन्या ग्राहकांची रिन्युअल्स स्टेटमेंटमधून एकेक करून गायब होताहेत. विचारलं तर उत्तर मिळतं, ‘ग्राहकाने ॲपवरून भरलं, ते डायरेक्टला गेलं.’ माणसं मी जोडलेली, ॲडमिट झाले की रात्री फोन मला, आणि कमिशन शून्य. असे १ लाख ४० हजार अडलेत. रद्द झालेल्या पॉलिसींचं म्हणून ३८ हजार कापून घेतले. जीएसटी गेल्यापासून टक्केवारी घटवली, त्याचे २२ हजार. मॅनेजरसाहेबांनी तोंडी कबूल केलेला २५ हजारांचा बोनस दिलाच नाही. एकूण सव्वादोन लाख. एका कुटुंबाला पहिल्या वर्षी माझ्या कमिशनमधून सूट दिली होती, त्यांनीही पॉलिसी सोडली. तेही पैसे वसूल व्हावेत असं वाटतं. साहेब म्हणतात, तक्रार केलीत तर कोड बंद. यजमान म्हणतात, सोडून दे. माझ्या मनात आहे की विमा लोकपालांकडे जावं आणि सगळे ग्राहक दुसऱ्या कंपनीत पोर्ट करावेत, म्हणजे त्यांच्या चालू पॉलिसी तिकडे हलवाव्यात. काय करू?
– एक एजंट, धायरी

ताई,

सव्वादोन लाख हा आकडा आधी मोडा. तुमच्या पत्रात तो एकच दावा म्हणून आलाय, पण ते चार वेगळे दावे आहेत आणि पाचवा मुद्दा तर दावाच नाही. सगळं एकगठ्ठा मांडलं की कंपनीचं काम सोपं होतं. त्यातला सगळ्यात कच्चा भाग उचलायचा, ‘ही रक्कम देय नाही’ असं दोन ओळींत कळवायचं, की पक्का भागही त्याच उत्तराखाली गाडला जातो. एजन्सी विभागाच्या टेबलापलीकडे मी बरीच वर्षं बसलोय, ही उत्तरं कशी तयार होतात ते जवळून पाहिलंय. म्हणून एकेक घेऊ.

खरा दम आहे तो १ लाख ४० हजारांत.

ग्राहक तुम्ही जोडलात हे कंपनीही नाकारणार नाही, पण त्याने काही सिद्ध होत नाही. रिन्युअल कमिशन कशावर देय आहे, याबद्दल तुमच्या एजन्सी करारात काय लिहिलंय ते बघावं लागेल. काही करारांत पॉलिसी तुमच्या कोडवर आहे तोवर हप्ता कुठूनही भरला, ॲपवर, वेबसाइटवर, बँकेतून आपोआप कापला गेला, तरी कमिशन तुमचंच. काहींत बारीक अक्षरात वाक्य असतं की रिन्युअल एजंटमार्फत आलं तरच. काहींत याबद्दल चकार शब्द नसतो, सगळं ‘कंपनीच्या वेळोवेळीच्या परिपत्रकांनुसार’ यावर ढकललेलं असतं. तुमचा करार यांपैकी कोणता, ते पत्रातून कळत नाही. तुम्हालाही आठवत नसेल तर नवल नाही. नेमणुकीच्या वेळी सह्या करताना करार वाचणारा एजंट मी अपवादानेच पाहिला. नेमणूकपत्राबरोबर आलेले कागद, जुने मेल, सगळं धुंडाळा. नाहीच सापडला तर पहिलं पत्र पैशांसाठी लिहायचं नाही. करार, त्यात नंतर झालेल्या दुरुस्त्या आणि २०२३ पासूनची कमिशनची परिपत्रकं यांच्या प्रती मागणारं लिहायचं.

परिपत्रकं कशाला, तेही सांगतो. ३१ मार्च २०२३ पर्यंत कमिशनची कमाल मर्यादा आयआरडीएआयने, म्हणजे विमा नियामकाने, विम्याच्या प्रकारानुसार आखून दिली होती. वैयक्तिक आरोग्य विम्याला ती १५ टक्के होती. १ एप्रिल २०२३ पासून या प्रकारवार मर्यादा गेल्या. आता मर्यादा आहे ती कंपनीच्या एकूण व्यवस्थापन खर्चावर. तिच्या आत राहून कुणाला किती द्यायचं, हे कंपनीचं संचालक मंडळ आपल्या धोरणात ठरवतं. २०२४ मध्ये खर्चाचे आणि कमिशनचे नियम एकत्र केले, तरी तत्त्व तेच राहिलं. म्हणजे तुमचा हक्क आता सरकारी तक्त्यात सापडत नाही, तो करारात आणि त्या-त्या तारखेला लागू असलेल्या परिपत्रकात असतो. जुनी मंडळी अजून ‘पंधरा टक्के कायद्यानेच आहेत’ म्हणून शाखेत आवाज चढवतात. ते पंधरा टक्के तेव्हाही कमाल होते, किमान नव्हते.

आता पुराव्याकडे या. पॉलिसीच्या शेड्यूलवर, म्हणजे तपशिलाच्या पानावर, मध्यस्थाचं नाव आणि कोड छापलेला असतो. ज्या ग्राहकांची रिन्युअल्स गायब आहेत त्यांच्याकडून कमिशन बंद होण्यापूर्वीच्या वर्षाचं आणि नंतरच्या वर्षाचं, अशी दोन शेड्यूल्स मागून घ्या. व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवायला कुणी नाही म्हणणार नाही. शेजारी शेजारी ठेवलीत की तुमच्या ‘गायब’ पॉलिसींचे आपोआप गट पडतील.

काहींवर कोड अजून तुमचाच दिसेल. हे तुमचं सगळ्यात भक्कम प्रकरण. पॉलिसी तुमच्या नावावर आणि कमिशन नाही, म्हणजे हिशेबातली चूक किंवा अडवणूक. तिसरं काही नाही. काहींवर कोडाच्या जागी ‘डायरेक्ट’ असेल. तिथे एकच विचारायचं: हा बदल कोणत्या तारखेला, कुणाच्या लेखी विनंतीवरून झाला? ग्राहकाने मध्यस्थ बदलून मागितला असेल तर तो त्याचा हक्क आहे, मुकाट्याने मान्य करा. पण नुसतं ॲपवरून पैसे भरणं आणि एजंट काढून टाका असं सांगणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या ग्राहकाने असं काही सांगितलं नव्हतं, त्याचं चार ओळींचं सही केलेलं निवेदन कंपनीला अडचणीचं जातं. करारात ‘एजंटमार्फत आलं तरच’ असं कलम असेल तर मात्र हा गट कच्चा पडेल. तेही आधीच कळलेलं बरं.

एखाद्या शेड्यूलवर तिसऱ्याच माणसाचा कोड निघाला तर त्याला हिशेबातली गफलत समजू नका. शाखेत कुणीतरी ‘मॅपिंग’ बदलून आपल्या मर्जीतल्या एजंटाला रिन्युअल्स वाटतो, हे एजंटांच्या चहाच्या टपरीवर सगळ्यांना माहीत असतं आणि कागदावर कुणीच आणत नाही. अशी एक जरी पॉलिसी सापडली तरी तिचं पत्र वेगळं लिहा, आणि ते शाखेला न लिहिता थेट मुख्यालयाच्या अनुपालन विभागाला लिहा. ज्यांचा पॉलिसी नंबरच नवा आहे, म्हणजे ग्राहकाने जुनी सोडून कुठूनतरी नवीन घेतली, त्यांच्यावर पाणी सोडा. ते रिन्युअलच नाही.

दुसरा पुरावा तुमच्या आयकराच्या पोर्टलवर बसलाय. कंपनी तुमच्या कमिशनवर टीडीएस कापते, तो रक्कम तुमच्या नावे जमा धरताना किंवा प्रत्यक्ष देताना, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा. तो फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे तुमच्या नावे कापलेल्या कराच्या विवरणात, मूळ रकमेसकट दिसतो. ३१ मार्च २०२५ पर्यंत दर ५ टक्के होता, १ एप्रिल २०२५ पासून २ टक्के. आता २६एएसमधली कमिशनची बेरीज आणि बँकेत आलेली रक्कम अधिक टीडीएस, हे दोन्ही तिमाहीगणिक जुळवा. २६एएसचा आकडा मोठा निघाला तर कंपनीने तुमच्या नावे कमिशन दाखवलंय, कर कापलाय, आणि पैसे मात्र तुम्हाला मिळालेले नाहीत. मग ‘देयच नव्हतं’ हे उत्तर त्यांना देता येत नाही. आपल्याच हाताने त्यांनी सरकारला उलट सांगितलेलं असतं. कापून घेतलेल्या रकमांमुळेही फरक दिसू शकतो, म्हणून त्या वजावटी आधी बाजूला काढून मग मेळ घाला.

हे सगळं एका एक्सेलमध्ये मांडा. पॉलिसी नंबर, रिन्युअलची तारीख, जीएसटीशिवायचा हप्ता, त्या दिवशी लागू टक्केवारी, अपेक्षित कमिशन, मिळालेलं, फरक, आणि शेवटच्या रकान्यात शेड्यूलवर दिसणारा कोड. ‘साधारण १ लाख ४० हजार’ या भाषेत कंपनीशी बोलता येत नाही. तक्ता पूर्ण झाल्यावर कदाचित ९६ हजारच उरतील. उरू देत. ते ९६ हजार टिकतील.

आता कापून घेतलेले ३८ हजार. यात फ्री लुकमध्ये परत केलेल्या पॉलिसी किती? कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ग्राहकाने पॉलिसी परत केली तर विक्रीच पुसली जाते, कमिशन परत जाणारच. त्यावर शाईसुद्धा खर्च करू नका. मधेच रद्द झालेल्यांचं मात्र गणित तपासा. समजा कुणी ३ वर्षांची पॉलिसी एकदम ९० हजार भरून घेतली, तुम्हाला १५ टक्क्यांनी १३,५०० मिळाले. वर्षभराने त्याला हिंजवडीत नोकरी लागली, कंपनीचं कव्हर मिळालं, त्याने ही रद्द केली आणि उरलेल्या २ वर्षांचे ६० हजार परत घेतले. कंपनीकडे राहिलेल्या ३० हजारांवरचं ४,५०० कमिशन तुमचं आहे. वसूल व्हायला हवेत ९ हजार. बऱ्याचदा सिस्टीम ‘कॅन्सल’ वाचते आणि पूर्ण १३,५०० उलटवते. करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर हा फरक मागा. सोपा मुद्दा आहे, पैसे थोडे असतात, आणि हेड ऑफिसचा माणूस तो पटकन मान्य करतो. पत्रव्यवहारात एक मुद्दा मान्य करून घेतला की बाकीच्यांकडे तो नीट बघतो, हे अनुभवाचे बोल.

जीएसटीचे २२ हजार मात्र मिळतील असं मला वाटत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा जीएसटी शून्य झाला. ग्राहकाचं भलं झालं, पण कंपन्यांना आपल्या खर्चावरच्या कराचं क्रेडिट घेता येईनासं झालं. एजंटाच्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी आहेच, आणि तो रिव्हर्स चार्जने कंपनीच भरते. आधी ती तो वळता करून घ्यायची, आता तो तिच्या अंगावर पडतो. म्हणून अनेक कंपन्यांनी कमिशन ‘जीएसटीसह’ धरायला सुरुवात केली. १५ टक्क्यांचे झाले १२.७१. ३२ हजारांच्या फ्लोटरवर (अख्ख्या कुटुंबाच्या एकत्रित पॉलिसीवर) ४,८०० मिळायचे ते साधारण ४,०६८ झाले. कर परिषदेत माफ झाला आणि भुर्दंड धायरीच्या एजंटाला बसला, हा संताप मला पूर्ण समजतो. तरीही करारात ‘दर कंपनी वेळोवेळी ठरवेल’ असं असेल तर कोर्टात हे टिकवणं अवघड. तपासायची एकच गोष्ट: नवा दर कोणत्या तारखेपासून लागू असं परिपत्रक म्हणतं, आणि त्या तारखेआधीच्या रिन्युअल्सवरही तो लावलाय का. लावला असेल तर तेवढाच फरक मागा. बाकीचं एजंट संघटनांनी लढायचं काम आहे.

तोंडी बोनस? स्पर्धेच्या अटींची पीडीएफ किंवा साहेबांचा लेखी मेसेज असेल तर तक्त्यात घ्या. नसेल तर सोडा.

आणि ती सूट. हे सांगायला मला बरं वाटत नाही, पण तो मुद्दा पत्रात आणूच नका, कारण ते पैसे मागायचा तुम्हाला हक्कच नाही. विमा कायदा, १९३८ च्या कलम ४१ नुसार कमिशनचा भाग ग्राहकाला सूट म्हणून देणं मना आहे, त्याला दंड आहे. पुण्यात ‘आधी सांगा, परत किती देणार?’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारतात, सदाशिव पेठेतही आणि बाणेरलाही, आणि धंदा हातचा जाऊ नये म्हणून एजंट मान डोलावतो. पण कंपनीच्या हातात तुमच्याच सहीने ते दिलंत तर त्या एका ओळीवर कोड बंद करता येईल. हात दाखवून अवलक्षण. पुढेही देऊ नका.

आता कुठे जायचं. लोकपालांकडे नाही. पुण्यात त्यांचं कार्यालय नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर आहे, जवळ आहे, फी नाही, म्हणून मोह होतो. पण ती व्यवस्था पॉलिसीधारकासाठी आहे. ५० लाखांपर्यंतच्या क्लेमचा वाद ते ऐकतील, एजंटाच्या कमिशनचा नाही. ‘बीमा भरोसा’ या आयआरडीएआयच्या तक्रार पोर्टलचंही तेच. ग्राहक आयोगात तुम्ही ‘ग्राहक’ ठरत नाही, कारण इथे सेवा तुम्ही दिलीत, घेतली नाहीत. कामगार न्यायालयातही सोय नाही. एजंट नोकर नसतो. आयआरडीएआयला लिहायचं तर ते नियमभंगाबद्दल, उदाहरणार्थ परस्पर बदललेल्या कोडबद्दल. तुमची थकबाकी वसूल करून देणं हे त्यांचं काम नाही. (आयुर्विमा महामंडळ किंवा सरकारी सामान्य विमा कंपनी असती तर माहिती अधिकारात परिपत्रकं आणि स्टेटमेंट मागता आली असती. तुमची खासगी आहे, तो दरवाजा बंद.)

उरतो तो करार कायदा. भारतीय करार कायदा, १८७२ मधलं एजन्सीचं प्रकरण तुम्हाला लागू होतं. कलम २१९ सांगतं की वेगळा करार नसेल तर काम पूर्ण झालं की एजंटाचा मोबदला देय होतो. कलम २२० सांगतं की ज्या व्यवहारात एजंटाने गैरवर्तन केलं त्या व्यवहाराचा मोबदला त्याला नाही. ग्राहकाला सूट देण्याची भानगड नुसती लपवायची नाही, तर करायचीच का नाही, ते इथे कळेल. म्हणजे शेवटचं ठिकाण दिवाणी न्यायालय. पण त्याआधी करारात दोन कलमं शोधा. लवादाचं कलम असेल तर न्यायालय तुम्हाला लवादाकडेच पाठवेल. अशा वेळी कंपनीने आपल्या मर्जीचा लवाद एकतर्फी नेमला तर हरकत घेता येते, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालापासून त्याला चांगला आधार आहे. दुसरं कलम ‘फक्त मुंबईच्या न्यायालयांना अधिकार’ हे. कंपनीचं मुख्यालय मुंबईत असेल तर ते बहुधा टिकतं आणि शिवाजीनगरऐवजी तिकडे हेलपाटे पडतात. एवढ्या रकमेसाठी ते परवडतंय का, ते बघावं लागेल.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आधी गेलो असतो. दावा दाखल करण्यापूर्वी मध्यस्थीसाठी किंवा लोकअदालतीसाठी अर्ज करता येतो. कंपनीला नोटीस जाते आणि शाखेतल्या साहेबाऐवजी विधी विभागाचा माणूस समोर येतो. त्याला साहेबाची अब्रू राखायची नसते, फाइल बंद करायची असते. आणि बहुतेक जणींना हे माहीत नसतं: १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. कमीपणा मानू नका. तो वकील चांगला निघाला तर ठेवा, नाही निघाला तर निदान नोटिशीचा मसुदा तरी होईल.

घाई कशाची आहे, तर मुदतीची. थकबाकीच्या दाव्याला ३ वर्षं मिळतात आणि ती प्रत्येक रकमेसाठी स्वतंत्र मोजली जातात. नोव्हेंबर २०२३ मध्ये देय झालेलं कमिशन नोव्हेंबर २०२६ नंतर मागता येणार नाही, डिसेंबरचं त्या पुढच्या महिन्यात गळेल, असं एकेक. तुम्ही पाठवलेल्या स्मरणपत्रांनी मुदत वाढत नाही. कंपनीने मुदत संपायच्या आत, सहीनिशी लेखी, अमुक रक्कम देणं आहे असं कबूल केलं तर मात्र त्या दिवसापासून नवी ३ वर्षं सुरू होतात. ‘प्रोसेसमध्ये आहे मॅडम’ असं फोनवर ऐकून समाधान मानू नका. त्याच दिवशी मेल टाका की आज आपण असं म्हणालात, कृपया रकमेसह दुजोरा द्यावा.

मागणीपत्र एका पानाचं हवं. कराराचा संदर्भ, तक्ता सोबत जोडला आहे, पक्क्या गटाची रक्कम इतकी, ३० दिवसांत द्यावी किंवा प्रत्येक पॉलिसीमागे नकाराचं कारण कलमासह कळवावं, आणि पत्राच्या तारखेपासून व्याजाची मागणी. ही व्याजाची ओळ विसरू नका. लेखी मागणी असेल तर १९७८ च्या व्याज कायद्याखाली न्यायालय त्या तारखेपासून व्याज देऊ शकतं. बारा वर्षांची सेवा, रात्रीचे फोन, साहेबांचा उर्मटपणा, यातलं काहीही त्यात नको. शाखेला मेल, नोंदणीकृत कार्यालयाला मेल आणि पोचपावतीसह स्पीड पोस्ट. (रजिस्टर्ड एडी मागायला जाल तर २०२५ मध्ये ती सेवा स्पीड पोस्टातच विलीन झालीय.) व्हॉट्सॲप चॅट ज्या फोनवर आहेत तो फोन विकू नका, चॅट पुसू नका. नव्या साक्ष अधिनियमातही इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि मूळ उपकरण हाताशी असलेलं केव्हाही सोयीचं. उद्यम नोंदणी तुम्ही या व्यवहारांच्या आधीपासून केलेली असेल तर वकिलाला आवर्जून सांगा. सूक्ष्म उद्योगांच्या थकबाकीसाठी वेगळा कायदा आहे, तो तुम्हाला लागू होतो का ते तो बघेल. आता धावत जाऊन नोंदणी केलीत तर मागच्या रकमांना तिचा उपयोग नाही.

साहेबांची धमकी. शिस्तभंगाखाली कोड काढायचा तर नियमांनुसार कारणे दाखवा नोटीस, म्हणणं मांडायची संधी, कारणांसह आदेश आणि वर अपील, एवढं सगळं आहे. ‘थकबाकी मागितली’ हे त्यात कारण होत नाही. करारातल्या नोटिशीच्या कलमाने मात्र ते संबंध संपवू शकतात, आणि ही भीती खरी आहे. म्हणून मागणीपत्र जाण्याआधी दोन कामं उरका. सगळी जुनी कमिशन स्टेटमेंट्स पोर्टलवरून उतरवून घ्या, कारण कोड बंद झाला की लॉगिनही जातं. आणि कोड बंद झाल्यावर रिन्युअल कमिशनचं काय होतं ते कलम वाचा. तडजोडीचा चेक समोर आला की बरोबर ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेला कागद येतो. उरलेली रक्कम सोडायची ठरवली असेल तरच त्यावर सही करा. तुम्हीच राजीनामा देऊन दुसऱ्या आरोग्य कंपनीत जाणार असाल तर जुन्या कंपनीचं कोड बंद झाल्याचं प्रमाणपत्र लागेल, आणि ते देताना ‘कोणतंही येणं नाही’ असं लिहून मागतील. तेव्हा येण्याचा आकडा त्याच कागदावर लिहून मग सही.

पोर्ट करण्याबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. असं सरसकट करू नका. पोर्टिंगमध्ये आजवर भोगलेला प्रतीक्षाकाळ (काही आजारांना कव्हर मिळण्याआधी थांबावं लागतं तो) पुढे मोजला जातो हे खरं, पण नवी कंपनी प्रस्ताव तपासते आणि नाकारूही शकते. तुमच्या यादीत साठीपुढचे, शुगर असलेले, स्टेंट टाकलेले किती आहेत? त्यांना नकार आला, धावपळीत जुन्याची रिन्युअल तारीख आणि तिच्यापुढची सवलतीची मुदत हुकली, तर उघड्यावर ते पडतील. भांडण तुमचं आणि कंपनीचं आहे. ज्याचं कव्हर खरोखर अपुरं आहे, ज्याला दुसरीकडे बरं मिळतंय, त्याला जरूर पोर्ट करा, तसं तुम्ही भांडण नसतानाही केलंच असतं. सोसायट्यांच्या ग्रुपवर कंपनीविरुद्ध लिहायचा मोहही आवरा; तुमच्या मागणीपत्राला मग उत्तर येईल ते बदनामीच्या नोटिशीचं.

यजमान म्हणतात सोडून दे. रकमेकडे बघून म्हणत असतील तर त्यांना तक्ता होईपर्यंत थांबायला सांगा. पक्का गट २०–२५ हजारांचाच निघाला तर एक मागणीपत्र आणि एक मध्यस्थीचा अर्ज, यापुढे मीही जाऊ नका म्हणेन. लाखाच्या पुढे निघाला तर नोव्हेंबर २०२६ च्या आधी दावा दाखल व्हायला हवा.

जाता जाता, आयुर्विम्याचा तो दुसरा कोड. तिथे रिन्युअल कमिशन एजंटाच्या पश्चात वारसाला मिळण्याची सोय असते, पण वारसाची नोंद तुमच्या एजन्सी फाइलमध्ये आहे का? ग्राहकांची नामनिर्देशनं तपासणारे एजंट स्वतःचं कोरं ठेवतात. या आठवड्यात शाखेत जाल तेव्हा तेही बघून घ्या. आणि आरोग्यवाल्यांच्या करारातलं रिन्युअलचं कलम सापडलं की नाव, कोड झाकून जसंच्या तसं मला पाठवा. त्यातल्या एका ‘मार्फत’ किंवा ‘कोडवर’ने माझं वरचं बरंचसं उत्तर इकडचं तिकडे होऊ शकतं.